पलीकडच्या काठावरचा क्लब

मेलबर्नच्या टोकाला, टार्निटमधलं आमचं घर इतकं नवं होतं की आमच्या गल्लीचं नाव कित्येक महिने गाडीच्या नकाशात येत नव्हतं. पाहुण्यांना रस्ता सांगताना बाबा म्हणायचा, "गोल चौक संपला की डावीकडे वळ, मग जिथे काहीच नाही तिथे आम्ही." घरासमोर घरांचेच सांगाडे उभे होते. लाकडाच्या पट्ट्या, त्यावर गुंडाळलेलं निळं प्लास्टिक, आणि मागे उघडं माळरान. लॉकडाऊन लागला, कामगार यायचे थांबले, आणि ते सांगाडे तसेच राहिले. हिवाळ्यात दक्षिणेकडून वारा सुटला की प्लास्टिक फडफडायचं आणि आख्खी गल्ली शिडाच्या जहाजासारखी आवाज करायची. सकाळी मॅगपाय पक्षी गुळण्या केल्यासारखे गायचे. लांबून ट्रेन जायची, बहुतेक रिकामी. त्या शांततेत आमच्या घरातला सगळ्यात मोठा आवाज बाबाचा होता. तो जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून दिवसभर कुणाला तरी सांगत असायचा, "कॅन यू हियर मी? आय कॅन हियर यू."

मी तेव्हा पंधरा वर्षांची होते. आम्हाला पुण्याहून येऊन चार-एक वर्षं झाली होती. पुण्यात आई मुलींच्या शाळेत मराठी शिकवायची. इथे त्या पदवीचं लोणचं घालायचं का, असं ती स्वतःच हसून विचारायची. मग तिने एक कोर्स केला आणि वृद्धांच्या एका होममध्ये केअरर म्हणून लागली. बाबा पुण्याला फोनवर आत्याला सांगायचा, "मेधा हेल्थमध्ये आहे." आई मागून ओरडायची, "सांग की, म्हाताऱ्यांना आंघोळ घालते. त्यात लाजायचं काय?" तिच्या हातांना सॅनिटायझरचा आणि त्यावर लावलेल्या क्रीमचा वास असायचा. आजही एखाद्या दवाखान्याच्या दारात तो वास आला तर मी नकळत मागे वळून बघते. ती दुपारी घरी आली की आधी लाँड्रीत कपडे मशीनला टाकायची, आंघोळ करायची आणि मग आल्याचा चहा ठेवायची. चहा होईपर्यंत तिच्याशी कुणी बोलायचं नाही, असा अलिखित नियम होता. चहा झाला की मात्र ती सुटायची. घरात मराठीच, हा तिचा दुसरा नियम. शाळेत मी दिवसभर "येप" आणि "नो वरीज" करून यायचे आणि घरी तिच्यासमोर एक वाक्य इंग्रजीत सुरू झालं तरी ती शांतपणे म्हणायची, "कळलं नाही." तिच्यामुळेच हे मी आज मराठीत लिहू शकते. माझ्या मुलांना हे वाचता येणार नाही, आणि त्याचं वाईट वाटतं. पण आईबद्दल दुसऱ्या भाषेत लिहायला गेले की ती आई राहत नाही, कुणी तरी बाई होते.

शाळा लॅपटॉपवर आली त्या हिवाळ्यात आमच्या इतिहासाच्या बाईंनी एक काम दिलं होतं. आपल्या ओळखीच्या एखाद्या वयस्कर माणसाकडून त्याच्या गावची जुनी हकीकत मिळवायची, आणि नंतर ती वर्गाला सांगायची. वर्गातल्या भारतीय मुलामुलींनी लगेच लुधियाना, इंदूर, सुरत असे फोन लावले. माझे दोन्हीकडचे आजीआजोबा तोवर गेलेले होते. मी चहाच्या वेळी तोंड पाडून बसले, तर आई म्हणाली, "आमच्या होममध्ये लेन नावाचे आजोबा आहेत ना. दिवसभर फुटबॉलबद्दल बोलत असतात. ऐकणारं कुणी नाही. तू ऐक."

लेन नव्वदी ओलांडलेला होता. डोळे जवळजवळ गेलेले. सगळं आयुष्य विल्यम्सटाउनच्या गोदीत जहाजं दुरुस्त करण्यात घालवलेलं. त्याची मुलगी पर्थला होती, आणि पर्थ म्हणजे त्या वर्षी परदेशच. पर्थ ज्या राज्यात, त्याने आपल्या सीमा बंद केल्या होत्या. आईने परवानगी काढली आणि एका आर्व्होला, म्हणजे इथल्या भाषेत दुपारी, शाळेनंतर मी त्याला फोन लावला. मी पाठ केलेलं वाक्य म्हटलं, "गुड आफ्टरनून, मी अनू, मेधाची मुलगी." त्यावर त्याने पहिला प्रश्न विचारला तो हा, की तू कुठल्या क्लबच्या बाजूची? मी सांगितलं, मी फुटबॉल बघत नाही, आमच्याकडे क्रिकेट बघतात. मला वाटलं फोन कटला. मग तो म्हणाला, "दॅट्स ऑल राइट, डार्ल. चूक कुणाच्या हातून होत नाही?" तो बोलायचा अर्थातच इंग्रजीत, तेही गोदीतल्या, अर्धे शब्द गिळणाऱ्या इंग्रजीत. पण मी ते सगळं संध्याकाळी बाबाला मराठीत सांगायचे, त्यामुळे माझ्या आठवणीतला लेन आता मराठीतच बोलतो.

त्याने जे सांगितलं ते असं. आपल्याकडे फुटबॉल म्हटलं की गोल चेंडू डोळ्यांसमोर येतो, तसा हा खेळ नाही. चेंडू लंबगोल, मैदानही लंबगोल, आणि टोकाला चार उंच खांब. इथल्या लोकांनी आपला आपण घडवलेला खेळ. तिकडे इंग्लंडच्या गादीवर व्हिक्टोरिया राणी होती आणि या राज्यालाही तिचंच नाव दिलेलं होतं, तेव्हाची ही गोष्ट. शहरातले सगळे मोठे क्लब एकाच जुन्या असोसिएशनखाली खेळायचे. त्यातले काही श्रीमंत होते, त्यांच्या सामन्यांना माणसांची रीघ लागायची. काही गोदीवाल्यांचे, खाणवाल्यांचे, कारखानेवाल्यांचे, चिखलातले. गेटवर जमलेला पैसा या चिखलातल्या क्लबांबरोबर वाटून घ्यायचा मोठ्यांना कंटाळा आला. शेवटी त्यांच्यातले आठ क्लब फुटले आणि त्यांनी स्वतःची नवी लीग काढली. एकाच शहरात, त्याच शनिवारी, तोच खेळ दोन वेगवेगळ्या घरांत सुरू झाला. ह्या घरातला क्लब त्या घरातल्या क्लबाशी खेळेनासा झाला.

मी वहीत "कारणं" आणि "परिणाम" असे दोन रकाने आखले होते. ते सांगितल्यावर लेन हसला. म्हणाला, "कारणं तुझ्या बाईंना पुस्तकात मिळतील. मी टॉमचं सांगतो, ते कुठे मिळायचं नाही."

टॉम हा लेनचा आजोबा, आणि आल्फ टॉमचा धाकटा भाऊ. टॉम विल्यम्सटाउनला गोदीत कामाला, तिथल्याच बंदरावरच्या क्लबाकडून खेळायचा. आल्फला नदीच्या मुखापलीकडे बॉयलरच्या कारखान्यात काम मिळालं, तो तिकडेच राहायला गेला आणि पलीकडच्या क्लबाकडून खेळू लागला. मध्ये फक्त पाणी. वाफेवर चालणारी बोट दिवसभर ये-जा करायची. दर हिवाळ्यात एक शनिवार असा यायचा की आल्फचा संघ बोटीने अलीकडे यायचा. दुपारभर दोघे भाऊ मैदानात एकमेकांना आडवे करायचे. एकदा टॉमच्या कोपराने आल्फचा पुढचा दात पडला होता. संध्याकाळी दोघे चिखलाने माखलेले तसेच आईच्या घरी. ती मटण आणि बटाटे करून वाट बघत असायची. रात्री आल्फ तिथेच राहायचा, लहानपणीच्या पलंगावर, एकाचं डोकं इकडे, दुसऱ्याचं तिकडे.

"मग आठ जण फुटले," लेन म्हणाला. "त्यात आल्फचा क्लब होता."

"आणि दोघांचं भांडण झालं?"

"नाही ना. हेच तर. कुणीच भांडलं नाही. फक्त पुढच्या हिवाळ्यात तो शनिवार आला नाही."

टॉमला वाटायचं, सोडून ते गेले, तर यायचंही त्यांनीच. आल्फला वाटायचं, अलीकडे सगळे आपल्याला फितूर म्हणत असतील, न बोलावता कसं जायचं. त्यांची आई पहिल्या वर्षी, तो शनिवार जेव्हा यायचा तेव्हाच्या सुमाराला, धक्क्यावर जाऊन उभी राहिली होती. हे टॉमने म्हातारपणी लेनला सांगितलं होतं, आणि सांगताना तो खिडकीबाहेर बघत होता.

त्यानंतर माझं काम खरं तर झालं होतं. पण लेन म्हणाला, पुढच्या आठवड्यात परत कर. जुनी वर्तमानपत्रं आता कॉम्प्युटरवर मिळतात असं त्याने ऐकलं होतं. मी शोधली, आणि खरंच होती; बारीक, शाई फुटलेल्या अक्षरांतली. त्यातले सामन्यांचे वृत्तान्त मी त्याला वाचून दाखवू लागले. तेव्हाचे वार्ताहर गुणांपेक्षा वाऱ्याबद्दल जास्त लिहायचे. वारा समुद्राकडून आहे की जमिनीकडून, चिखल घोट्यापर्यंत की पोटरीपर्यंत, कोणाची टोपी उडाली, सगळं. क्लब फुटण्याआधी फक्त मधल्या दोन खांबांतून गेलेला गोल धरायचे. थोडक्यात हुकलेला, बाजूच्या खांबांमधून गेलेला चेंडू लिहून ठेवायचे, पण मोजायचे नाहीत. फुटल्यानंतर त्या हुकलेल्यालाही एक गुण मिळायला लागला. "फितुरांनी केलेली एवढी एकच बरी गोष्ट," लेन म्हणायचा, "असं टॉम म्हणायचा."

आणि मग, त्याच हिवाळ्यात, आजची मोठी लीग इथले सगळेच्या सगळे संघ घेऊन राज्य सोडून उत्तरेला गेली. मेलबर्नमध्ये साथ वाढली होती, इथे खेळणं शक्य नव्हतं. ही बातमी मी लेनला वाचून दाखवली. तो एवढंच म्हणाला, "गेले वाटतं परत." टीका नव्हती त्यात. एखाद्या मुलाने पुन्हा गाव सोडल्याचं ऐकावं तसं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत साथ आईच्या होममध्ये शिरली.

आई त्या दिवशी घरी आली, आंघोळ केली, पण चहा ठेवला नाही. बाबाची मीटिंग चालू होती. तिने पुढे होऊन त्याचा लॅपटॉप मिटला. असं तिने कधीच केलं नव्हतं. ती म्हणाली, होमने स्टाफसाठी वेरिबीच्या एका मोटेलात खोल्या घेतल्या आहेत, मी उद्यापासून तिथे राहते.

"म्हणजे?" बाबा म्हणाला. "सोड ना ती नोकरी. आत्ता फोन कर आणि सोड. घर माझ्या पगारात चालेल."

"घराचा प्रश्न नाहीये अरे. निम्मा स्टाफ घरी बसलाय. कुणाला लागण झाली, कुणी घाबरलंय. मी नाही गेले तर त्यांना पाणी कोण देणार? लेनना ग्लास कुठे ठेवलाय ते दिसत नाही."

"आणि तुला काही झालं तर?"

"मला झालं तर मला होईल. घरी येऊन तुला झालं तर? तुझा दमा मला माहीत आहे." मग तिने माझ्याकडे बघितलं. "अनू, पिठाच्या डब्यात भाजणी आहे थोडी. ती बाबाला लावायला देऊ नकोस, वाया घालवेल. तू लाव."

दुसऱ्या दिवशी पहाटे गॅरेजचं दार वर गेलेलं मी पांघरुणातून ऐकलं. मी उठून जायला हवं होतं की नको, ते मला कळेना. रात्रीच सांगून ठेवलं होतं तिने, की दारात येऊ नका, मला मग निघता येणार नाही. दार खाली आलं, गाडी वळली, आणि वाऱ्यात ते निळं प्लास्टिक वाजत राहिलं.

नंतरच्या दिवसांतलं मला सगळ्यात जास्त आठवतं ते जेवण. बाबाला तीन पदार्थ यायचे. पिठलं, मेतकूट-भात आणि अंड्याची भुर्जी. ते तो फिरवून फिरवून करायचा. पिठल्यात गुठळ्या, त्या आम्ही न बोलता बाजूला काढायचो. एकदा त्याने पोळ्या करायचं ठरवलं आणि आख्ख्या घरात धूर झाला. गजर वाजायला लागला, बाबा खुर्चीवर चढून टॉवेलने वारा घालतोय, आणि मी हसता हसता रडायलाच लागले. तो खाली उतरला, माझ्याजवळ बसला आणि म्हणाला, "मलाही." एवढंच. भाजणीला मी हात लावला नाही. ती संपली की आईने केलेलं, आईने भाजलेलं असं घरात काही उरणार नव्हतं. पुण्याहून पार्सल येणं तर कधीच बंद झालं होतं.

लेनचे फोन मात्र चालू राहिले, आणि तेवढ्यासाठी मी आठवडाभर जगायचे. आता ते व्हिडिओवर होते, कारण होममधल्या लोकांना घरच्यांशी बोलण्यासाठी टॅब्लेट ठेवले होते. लेनची मुलगी संध्याकाळी फोन करायची, दुपारची वेळ माझी. टॅब्लेट धरायला कुणी तरी लागायचं, आणि त्या वेळेला आई आपली पाळी तशी लावून घ्यायची. मला दिसायचा लेन, उशीला टेकलेला, पांढरे केस विस्कटलेले. आणि चौकटीच्या कडेला निळा हातमोजा घातलेला आईचा अंगठा. क्वचित टॅब्लेट हलला तर तिचा चेहऱ्यावरचा प्लास्टिकचा व्हायझर, त्यावर खिडकीचा उजेड, आत ती आहे असं समजायचं. मी वाचायचे लेनसाठी आणि बघायचे त्या अंगठ्याकडे. आई मध्ये बोलायची नाही; ती कामावर होती. वाचून झालं की लेन म्हणायचा, "आता मी जरा डोळे मिटतो, तुम्ही दोघी तुमच्या भाषेत काय ते बोला." मग आम्ही मिनिटभर बोलायचो. इतकं काही साठलेलं असायचं की मी बावळटासारखी म्हणायचे, आज इथे खूप वारा आहे. आणि ती म्हणायची, हो गं, इथेही.

मग एका आठवड्यात टॅब्लेट दुसऱ्याच कुणी तरी धरला. लेनला बरं नव्हतं, तो बोलला नाही. संध्याकाळी आईचा मोटेलातून फोन आला. तिची टेस्ट पॉझिटिव्ह आली होती आणि लेनला हॉस्पिटलमध्ये हलवलं होतं. दोन्ही गोष्टी तिने एका श्वासात सांगितल्या, जणू त्यातली पहिली तितकीशी महत्त्वाची नव्हती.

आम्हाला पाच किलोमीटरच्या पलीकडे जायची बंदी होती, पण आजारी माणसाला जेवण पोचवायला जाता यायचं. बाबा आणि मी खिचडीचा डबा घेऊन वेरिबीला गेलो. डबा रिसेप्शनच्या बाहेर टेबलावर ठेवला आणि पार्किंगमध्ये उभे राहिलो. वरच्या मजल्यावर पडदा बाजूला झाला. आई शाल गुंडाळून उभी होती. तिने हाताने खूण केली, घरी जा, थंडी आहे. आम्ही गेलो नाही. शेवटी तिनेच पडदा लावला.

त्या आठवड्यात ती रोज दुपारी फोन करायची. बोलली की खोकला यायचा, म्हणून बोलायचे मीच. पहिल्याच दिवशी माझं बोलणं संपलं आणि ती म्हणाली, "वाच ना काही."

"काय वाचू? गोष्ट?"

"फुटबॉलचं वाच. तुझं ते."

"आई, तुला कशाला फुटबॉल?"

"मग काय बातम्या वाचतेस? त्यात रोज आमचंच होम."

म्हणून मी वाचायला लागले. सव्वाशे वर्षांपूर्वीचे शनिवार, चिखल, समुद्राकडून येणारा वारा. मला वाटायचं ती झोपते. पण मध्येच तिचा आवाज यायचा, "म्हणजे हा टॉमचा क्लब ना? आणि आल्फ आज खेळतोय का?" मी चाट पडले. टॅब्लेट धरून उभी असताना तिने एकूण एक शब्द ऐकला होता. कोण कुठल्या क्लबाचा, कुणाचा दात पडला, कुठली बोट, सगळं तिला माझ्याहून नीट ठाऊक होतं.

"अगं, पण बोट बंद झाली होती का?" एकदा तिने विचारलं.

"नाही. बोट तर रोज होती."

"मग?"

"सामना नव्हता ना."

ती घोटभर पाणी प्यायली. मग म्हणाली, "आणि त्यांची आई? पुढे भेटले का गं दोघं?"

"लेनने पुढचं सांगितलंच नाही."

"येतील ते. आले की विचारू."

"येतील?"

"येतील म्हणतेय ना," असं ती म्हणाली, आणि खोकली.

त्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या दुपारी तिचा फोन आला नाही म्हणून मीच लावला, तेव्हा "हं" एवढाच आवाज आला. मी विचारलं, वाचू? परत "हं". मी वाचायला सुरुवात केली. दोन ओळी वाचून थांबले की पलीकडे तिचा श्वास ऐकू यायचा, छोटा, घाईचा, जिने चढून आल्यासारखा. ती तर पलंगावर पडून होती. बाबा टेबलावरून उठला, माझ्याजवळ आला, कान फोनला लावला आणि त्याचा चेहराच बदलला. त्याने खुणेने मला सांगितलं, थांबू नकोस, वाचत राहा. आणि स्वतः आतल्या खोलीत जाऊन त्याच्या फोनवरून ॲम्ब्युलन्स बोलावली. मोटेलचा पत्ता, खोलीचा नंबर, तिचं नाव एकेक अक्षर सुटं करून. त्याचा आवाज मला भिंतीतून ऐकू येत होता आणि मी वाचत होते. काय वाचत होते ते मला तेव्हाही कळत नव्हतं. एक परिच्छेद संपला की तोच पुन्हा वाचायचे, कारण पान बदलायला माझा हात उठत नव्हता. किती वेळ गेला सांगता यायचं नाही. मग पलीकडे दारावर थापा पडल्या. दार उघडल्याचा आवाज, बुटांचे आवाज, एक पुरुष मोठ्याने काही विचारत होता. आणि त्या सगळ्यातून आईचा आवाज आला, तुटक पण स्वच्छ, तिच्या इंग्रजीत. "वन मिनिट, प्लीज. माय डॉटर इज रीडिंग."

नंतर फोन बंद झाला.

त्यानंतरचे दिवस मी लिहू शकत नाही. लिहायला बसले की आठवतं ते फक्त बाबाचं पाठमोरं उभं राहणं. खिडकीशी, हातात फोन, हॉस्पिटलचा नंबर लावून. त्याने मीटिंगा घेणं बंद केलं होतं. घरात "कॅन यू हियर मी" ऐकू येईना आणि ते ऐकू यावं असं मला आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं. आईला नाकातून ऑक्सिजन देत होते. तिथल्या एका नर्सने एक दिवस फोनवर हसत सांगितलं, तुमची बायको शेजारच्या बाईची उशी सरळ करायला उठली होती, आम्ही रागावलो. बाबा फोन ठेवून जमिनीवरच बसला. म्हणाला, "वाचली."

ती मोटेलात परत आली तेव्हा तिचा आवाज बारीक झाला होता. अजून काही दिवस तिला एकटीलाच राहायचं होतं. आणि लेनही होममध्ये परतला होता. कुणालाच वाटलं नव्हतं तो परतेल असं, त्याला स्वतःलाही नाही. त्या आर्व्होला आम्ही तिघे एकाच फोनवर होतो. लेन त्याच्या पलंगावर, आई मोटेलात, मी टार्निटला. लेन दमलेला होता, मी म्हटलं आज वाचायचं नको. तेवढ्यात आईच म्हणाली, "लेन, मला एक सांगा. ते दोघे भाऊ. भेटले का कधी?"

लेन म्हणाला, "मला वाटलं, कुणी विचारणारच नाही."

टॉम आणि आल्फ वीस वर्षांहून जास्त काळ भेटले नव्हते. महायुद्ध झालं, संपलं, आणि मग साथ आली. अशीच, तापाची आणि श्वासाची, तोंडाला फडकं बांधायला लावणारी. तोवर दोघे पन्नाशीला टेकले होते, खेळ कधीच सुटला होता. कुणी तरी गोदीत येऊन सांगितलं की पलीकडे आल्फच्या घरात सगळे पडलेत, पाणी द्यायलाही कुणी नाही. टॉमची बायको म्हणाली, जाऊ नकोस, आपल्या घरात आणशील. टॉमने घरातलं सूप पातेल्यात घेतलं, फडक्याने तोंड बांधलं आणि बोटीत जाऊन बसला. पातेलं मांडीवर. लेनचे वडील तेव्हा तरुण होते, ते धक्क्यापर्यंत त्याला थांबवायला धावले होते. टॉमने ऐकलंच नाही. ते घर बरं होईपर्यंत तो तिथेच राहिला.

"आणि एकमेकांना म्हणाले काय?" आईने विचारलं. "इतक्या वर्षांनी?"

"आल्फ पलंगावर होता. त्याने डोळे उघडले आणि म्हणाला, फार उशीर केलास." लेन म्हणाला. "आणि टॉम म्हणाला, बोट चुकली रे."

आई हसायला लागली. आधी हसली, मग खोकली, मग परत हसली. मोटेलच्या त्या खोलीत एकटी बसून. लेनही हसत होता, आवाज न करता, खांदे हलवून. मग आईने विचारलं, "आणि त्यांची आई?"

"ती नव्हती तोवर," लेन म्हणाला.

मग आईने त्याला झोपायला सांगितलं, आणि आम्ही फोन ठेवला.

लेन पुढच्या हिवाळ्यापर्यंत होता. भेटायला परवानगी मिळाली तेव्हा मी एकदा गेले. बागेत व्हीलचेअरवर बसवलेला, त्याच्या आवाजापेक्षा कितीतरी लहान माणूस. मी काही बोलेपर्यंत त्याला मी कोण ते कळलं नाही. "हॅलो लेन" म्हटल्यावर त्याने दोन्ही हात पुढे केले. वर्गात मी त्याची हकीकत सांगितली होती, बाईंना आवडलीही. पण ती मी फुटण्यापर्यंतच सांगितली. पुढचं मला तेव्हा कुणाला द्यावंसं वाटलं नाही. आज देतेय, कारण आता ते माझ्याशिवाय कुणाला माहीत असेल असं वाटत नाही. बाबा गेला, त्यानंतर आई. ती शेवटी आजारी होती तेव्हा मी तिला बरंच काही वाचून दाखवलं. ती ऐकायची की नाही हे मला कळायचं नाही.

पण मला सांगायचंय ते ती घरी आली त्या दिवसाचं.

वसंत लागला होता. बाबाने सकाळपासून घर धुऊन काढलं होतं. मी भाजणीचा डबा काढला, मापाने पाणी घातलं, तिने शिकवलं होतं तसा कांदा बारीक चिरून घातला, आणि तव्यावर थालीपिठं थापली. पहिलं मोडलं, दुसरं जमलं. गाडी दाराशी आली. आई उतरली तेव्हा मला धक्का बसला, तिचा कुर्ता खांद्यावरून ओघळत होता. ती लांबूनच म्हणाली, "थांबा, कपडे बदलून येते," आणि गॅरेजमधून सरळ लाँड्रीत गेली. आता तिला काही नव्हतं, डॉक्टरांनी सांगितलं होतं, तरी सवय. मी न्हाणीघराच्या दाराला पाठ लावून खाली बसले. आत पाण्याचा आवाज येत होता. मी कितीतरी दिवस ठरवून ठेवलं होतं, ती आली की आधी काय करायचं, काय बोलायचं. दार उघडलं, ओल्या केसांची आई बाहेर आली, आणि माझ्या तोंडून निघालं, "जेवतेस ना?"

"वाढ," ती म्हणाली.

ती टेबलाशी बसली. मी थालीपीठ वाढलं, वर लोण्याचा गोळा ठेवला. तिने तुकडा मोडला, खाल्ला. दुसरा मोडला. बाबा लॅपटॉपशेजारी उभा होता आणि मी तव्याशी. तिने मान वर करून बघितलं आणि म्हणाली, "आता काय दोघं उभ्याने बघत बसणार आहात का?" आम्ही बसलो नाही. ती जेवत होती, आणि आम्ही बघत होतो.